धावते अक्षर, उभे अक्षर

प्रमाणपत्र असो, विवाहाची पत्रिका असो वा वर्धापनदिनाचे निमंत्रण असो, त्यावरील इंग्रजी मजकुरात एक-दोन ओळी उजवीकडे किंचित झुकलेल्या दिसतात. नाव, तारीख किंवा ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे’ अशा अर्थाचे वाक्य त्या अक्षरांत असते. ती ओळ मजकुराहून वेगळी वाटते, जणू बोलणाऱ्याने मध्येच आवाज मृदू केला. या अक्षराला मुद्रणव्यवसायात ‘इटॅलिक’ म्हणतात. आपल्याकडील डीटीपीचे काम करणारी मुले त्याला सरळ ‘तिरपे’ म्हणतात. मात्र इटॅलिक म्हणजे केवळ तिरपेपणा नव्हे. ते अक्षर कोठून आले, त्याचे काम काय, आणि आपल्या मराठी मजकुरावर तेच बटण दाबले असता अक्षरे केविलवाणी का दिसतात, हे समजून घेताना वाट व्हेनिसहून निघून थेट आपल्या घरातील जुन्या कागदांच्या रुमालापर्यंत येते. त्या वाटेनेच हा लेख जाणार आहे.

प्रथम अक्षराचे रूप पाहू. पुस्तकी इंग्रजी अक्षरांत उभ्या रेषेच्या टोकाला लहानशी पाऊलखूण असते, तिला ‘सेरिफ’ म्हणतात. दगडात कोरलेल्या रोमन अक्षरांपासून ती चालत आली आहे. उभ्या अक्षरात ही पावले जमिनीवर दोन्ही बाजूंना टेकलेली असतात. सेरिफ असलेल्या इटॅलिकमध्ये मात्र त्यांचे रूप पालटते. लेखणी कागदाला टेकली त्या ठिकाणी एक बारीक प्रवेशरेषा आणि ती उचलली त्या ठिकाणी पुढील अक्षराकडे वळलेली निर्गमरेषा, एवढेच उरते. अक्षरे अरुंद होतात. वर्णमालेतील पहिले लहान अक्षर ‘ए’ उभ्या छपाईत दोन मजली असते, ते इटॅलिकमध्ये एकमजली होते. आपण वहीत लिहितो तसे. ‘एफ’ची शेपटी ओळीखाली उतरते. झुकाव बहुधा दहा अंशांच्या आसपास असतो आणि काही उत्तम अक्षरसंचांत तो त्याहूनही कमी आढळतो. यावरून ध्यानात येईल की इटॅलिकचा प्राण झुकावात नाही, हाताच्या गतीत आहे. झुकाव ही त्या गतीची केवळ खूण होय. उभे अक्षर कोरलेल्या लेखाचे वंशज आहे, तर इटॅलिक हस्ताक्षराचे.

हे हस्ताक्षर पंधराव्या शतकातील इटलीचे. तेथील विद्वान जुन्या लॅटिन ग्रंथांच्या नकला भराभर करीत असताना एक वळणदार, जोडत जाणारी लिपी रूढ झाली. पुढे पोपच्या कचेरीतील लेखनिकांनी ती पत्रव्यवहारासाठी स्वीकारली. म्हणजे ती एका अर्थी दफ्तराची लिपी झाली. व्हेनिसमधील प्रकाशक आल्दुस मानुतियुस याने फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराकडून त्या हस्ताक्षरावर बेतलेले खिळे पाडून घेतले, आणि १५०१ साली रोमन कवी व्हर्जिलचे काव्य संपूर्णपणे त्या खिळ्यांत छापले. पुस्तकाचा आकार हातात सहज मावणारा होता. मठाच्या किंवा सरदाराच्या मेजावर पडून राहणारा जाडजूड ग्रंथ वाचकाबरोबर प्रवासाला निघाला. १५२२ साली पोपच्या कचेरीतील लेखनिक लुदोविको देल्यी अर्रीगी याने ही लिपी शिकवणारी पुस्तिका काढली, आणि पुढे त्यानेही या वळणाचे खिळे तयार करविले. ज्या लिपीचे ज्ञान कचेरीपुरते होते, ती शिकण्याचा मार्ग कोणाही वाचकाला खुला झाला.

आरंभी इटॅलिक हे स्वतंत्र अक्षर होते आणि संपूर्ण पुस्तके त्यात छापली जात. सोळाव्या शतकात मुद्रकांनी त्याची उभ्या अक्षराशी जोडी जमवली. फ्रान्समधील रोबेर ग्रांजाँ यांच्यासारख्या कारागिरांनी मोठ्या अक्षरांनाही झुकाव दिला आणि या जोडीला डौल आणला. तेव्हापासून उभे अक्षर घरधन्यासारखे मजकूर वाहते, आणि इटॅलिक पाहुण्यासारखे थोडा वेळ येऊन आपले काम करून जाते. हे काम कोणते, ते आपल्या विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावे, कारण पुढील शिक्षणात त्याची पदोपदी गरज पडते.

इंग्रजी मजकुरात ग्रंथांची व नियतकालिकांची नावे इटॅलिकमध्ये देतात. एखाद्या शब्दावर भर द्यायचा असल्यास तोही. विज्ञानात तर या अक्षराला नियमाचे बळ आहे. वनस्पती व प्राणी यांची शास्त्रीय नावे इटॅलिकमध्येच छापण्याचा प्रघात आहे. कार्ल लिनियस यांनी १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वनस्पतींना दोन पदांची नावे देण्याची पद्धत सर्वत्र लागू केली. त्याच ग्रंथात आपल्या पिंपळाला ‘फायकस रिलिजिओसा’ हे नाव मिळाले. ज्या वृक्षाखाली सिद्धार्थ गौतमांना संबोधी प्राप्त झाली तोच हा वृक्ष. आपल्या बारामती-इंदापूरच्या शिवारातील ऊस ‘सॅकॅरम ऑफिसिनॅरम’ आणि डाळिंब ‘प्युनिका ग्रॅनेटम’. शाळेच्या आवारातील झाडांवर इंग्रजी पाट्या लावताना ही नावे तिरपी लिहावीत, पहिल्या पदाचे पहिले अक्षर मोठे आणि दुसरे पद संपूर्ण लहान अक्षरांत ठेवावे. भौतिकशास्त्रातही हाच विवेक आहे. इंग्रजी ‘एम’ हे अक्षर तिरपे असेल तर ते वस्तुमान दर्शवते. उभे असेल तर ते मीटर हे एकक होय. एकाच अक्षराचा अर्थ केवळ त्याच्या उभे किंवा तिरपे असण्यावरून बदलतो. सजावट म्हणून पाहिलेले अक्षर येथे अर्थाचा भार वाहते.

इटॅलिकचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो आपल्याला अधिक जवळचा आहे. इंग्रजी मजकुरात परभाषेतून आलेला शब्द तिरपा छापतात. तो शब्द वाचकाला सांगतो, मी येथला नव्हे. पाहुणा शब्द पुष्कळ दिवस राहिला, घरचा झाला, की मुद्रक त्याला उभा करतात. ‘कर्म’ आणि ‘निर्वाण’ हे शब्द आज इंग्रजी ग्रंथांत बहुधा उभे असतात, कारण इंग्रजी कोशांनी ते आपलेसे केले आहेत. पाली भाषेतील अनेक शब्द मात्र अजून तिरपे दिसतात. १८८१ साली टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी लंडनला पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली आणि पाली ग्रंथ रोमन लिपीत छापले जाऊ लागले. त्या परंपरेतील इंग्रजी लेखनात ‘सुत्त’, ‘विनय’ असे शब्द बहुधा इटॅलिक वस्त्रात वावरतात. परक्या वाचकासाठी ते योग्यही आहे. परंतु आपली मुले इंग्रजीत निबंध लिहितात, संस्थेचा वार्षिक अहवाल इंग्रजीत निघतो, तेव्हा प्रश्न पडतो: ‘धम्म’ हा शब्द आपण तिरपा लिहावा काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९५७ साली प्रकाशित झालेल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच हा शब्द आहे. त्याचे भाषांतर त्यांनी केले नाही; वाचकाने तो शब्द म्हणूनच स्वीकारावा अशी अपेक्षा ठेवली. माझे नम्र मत असे की, जो शब्द आपल्या घरात रोज उच्चारला जातो त्याला आपल्याच लेखणीने पाहुणा ठरवू नये. अक्षर उभे ठेवणे ही लहानशी गोष्ट आहे, पण आपण कोणत्या शब्दाला आपला मानतो हे त्यातून जगाला कळते.

आता आपल्या लिपीकडे वळू. मराठीला अशी धावती, जोडत जाणारी, कचेरीत वाढलेली लिपी होती काय? होती, आणि ती कित्येक शतके होती. तिचे नाव मोडी. यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याने ती प्रचारात आणली अशी परंपरागत समजूत आहे. बाळबोध अक्षरे मोडून लिहिली म्हणून मोडी, अशी तिच्या नावाची उपपत्ती सांगतात. लेखनिक प्रथम कागदावर आडवी शिरोरेषा ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरांची माळ गुंफत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती सहसा पाळत नाही, शब्दांमध्ये जागा सोडत नाही. लिहिणाऱ्याचा वेळ वाचावा हा तिचा हेतू, आणि वाचणाऱ्याने सरावाने वाचावे ही तिची अट. इटालियन भाषेत इटॅलिकला ‘धावते’ अशा अर्थाचा शब्द आहे. मोडीलाही तेच विशेषण शोभेल.

अठराव्या शतकातील बारामती डोळ्यांसमोर आणली तर या दोन लिपींची वाटणी स्पष्ट दिसते. कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) यांनी नाईकांच्या आश्रयाने येथेच आपली काव्यसंपदा निर्माण केली. त्या काळी काव्याच्या व धर्मग्रंथांच्या पोथ्या बाळबोध लिपीत उतरवल्या जात. हिशेब, सनदा, पत्रे आणि गावचे दफ्तर मोडीत चाले. पोथीचे अक्षर उभे, स्वस्थ, एकेक सुटे. दफ्तराचे अक्षर घाईचे, गुंफलेले. व्हेनिसच्या मुद्रकाला जी दोन अक्षरे एका पानावर नांदवता आली, त्यांचे सगेसोयरे म्हणावेत अशी दोन अक्षरे आपल्याही गावांत शेजारी शेजारी नांदत होती.

मग त्यांची जोडी छापखान्यात का जमली नाही? प्रयत्नच झाला नाही असे मात्र नव्हे. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी १८१० साली आपला मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला. परंतु मोडीत अक्षर अक्षराला जोडताना रूप बदलते, आणि शिशाचा खिळा हा स्वभावतः सुटा असतो. धावत्या हाताचे प्रत्येक वळण खिळ्यांत बसवायचे तर खिळ्यांची संख्या वाढते आणि जुळाऱ्याचे काम अवघड होते. बाळबोध अक्षर मूळचेच सुटे. त्यातही जोडाक्षरे व मात्रा यांचा व्याप मोठा होताच. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील टॉमस ग्रॅहॅम यांनी खिळ्यांची संख्या आटोक्यात आणणारी रचना केली. १८३२ च्या ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत निघाला. पुढे जावजी दादाजी यांनी १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याने राणोजी रावजी आरू यांच्या कसबी हातांतून देवनागरी खिळ्यांना असे सौष्ठव आणले की छापील मराठी म्हणजे उभे बाळबोध हे समीकरण पक्के झाले. मोडी हातापुरती राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतूनही निघून गेली.

या घटनेची एक बाजू आपल्यासाठी हिताची होती, आणि दुसरी अजून निस्तरायची आहे. हिताची बाजू अशी. मोडी ही सराव असलेल्यांची लिपी होती. ज्यांना शाळेचे दारच बंद होते, त्यांच्या वतनाची, जमिनीची, कामाच्या मोबदल्याची नोंद त्याच लिपीत होत असे. कागद आपल्याविषयी असे. वाचणारा मात्र दुसरा असे. तो सांगेल ते खरे मानावे लागे. उभे छापील अक्षर आले आणि थोडके शिकलेल्या माणसालाही कोणाच्या मध्यस्थीवाचून वाचता येऊ लागले. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेला ‘मूकनायक’ याच अक्षरात छापलेला होता. एकाने वाचावा आणि दहांनी ऐकावा अशा काळात सुटे, स्वच्छ, उभे अक्षर किती मोलाचे होते, हे निराळे सांगायला नको.

दुसरी बाजू अशी की, जुने कागद जेथल्या तेथेच राहिले. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले ते १८७४ च्या वतन कायद्यात सुधारणा व्हावी म्हणून. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. पण त्या वतनांचा मागील इतिहास, जमिनीच्या नोंदी, पूर्वजांची नावे ही सारी मोडीच्या कागदांत आहेत. उजनी धरणाच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातील जुनी गावठाणे गेली. घर पाण्याखाली गेले तरी घराचा कागद ट्रंकेत राहतो. तो कागद वाचणारा नातू मात्र घरात नसतो, आणि पुन्हा एकदा कागद आपला व वाचणारा दुसरा अशी स्थिती येते. आजोबांच्या वेळी शाळेचे दार बंद होते हे कारण होते. आज आपल्याकडे पदव्या आहेत, तरी तो कागद तितकाच मुका आहे.

येथे संगणकावरील त्या बटणाचा उलगडा होतो. मोडी आणि बाळबोध यांची जोडी छापखान्यात जमली नाही. म्हणून देवनागरी टाईपात इटॅलिकसारखे, हाताच्या गतीतून जन्मलेले रूढ अक्षर तयार झाले नाही. आपण मराठी मजकुरावर ‘इटॅलिक’चे बटण दाबतो तेव्हा, त्या फॉन्टला स्वतःचे तिरपे रूप नसल्यास, संगणक उभ्याच अक्षराला उजवीकडे ढकलतो. शिरोरेषा आडवीच राहते, तिला लटकलेले काने तेवढे कलतात. वेलांटी, रफार आणि अनुस्वार उजवीकडे सरकतात, उकार डावीकडे राहतो. वाटोळी वळणे लांबट होतात. शिवाय देवनागरीचा बोरू रोमन लेखणीच्या उलट बाजूने तासलेला असतो, त्यामुळे जाड-बारीक रेषांचा तोल वेगळा असतो. ढकलल्यावर तो बिघडतो. नुकते वाचायला शिकलेले मूल किंवा चष्मा लावलेले आजोबा अशा ओळीवर अडखळतात. डौल आणण्यासाठी केलेली युक्ती वाचकाच्या वाटेत येते.

म्हणून काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात. मराठी मजकुरात भर द्यायचा असेल तर ठळक अक्षर वापरावे. ग्रंथनामासाठी एकेरी अवतरणचिन्हे पुरेशी आहेत. शीर्षकासाठी अक्षराचा आकार वाढवावा. इंग्रजी मजकुरात सेरिफ असलेले इटॅलिक अवश्य घ्यावे, पण एक-दोन ओळींपुरते. संपूर्ण परिच्छेद त्यात रचला तर डोळा थकतो, आणि सगळेच शब्द हळू आवाजात बोलू लागले की कोणताही ऐकू येत नाही. फ्लेक्सवर किंवा दुरून वाचायच्या पाटीवर त्याच्या बारीक रेषा हरवतात, तेथे उभे अक्षर बरे. निवडलेल्या संचात खरे इटॅलिक आहे की नुसते ढकललेले अक्षर, हे ओळखण्याची खूण वर दिलीच आहे: लहान ‘ए’ एकमजली झाला असेल तर ते खरे. विद्यार्थ्याचे नाव मात्र, प्रमाणपत्र कोणत्याही भाषेत असो, स्वच्छ वाचता येईल अशा अक्षरात असावे. ते नाव त्या कागदाचे कारण आहे.

या कथेचा शेवट मात्र खेदाचा नाही. मोडीला जून २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. सुटा खिळा जे करू शकला नाही ते संगणकाला शक्य आहे, कारण अक्षराने शेजारी पाहून रूप बदलावे हे त्याला शिकवता येते. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून देवनागरी आणि मोडी यांच्या मेळातून ‘मुक्तलिपी’चा प्रयोग केला. देवनागरीला स्वतःचे धावते अक्षर हवे असेल, तर त्याची वाट व्हेनिसकडून येणार नाही, ती आपल्या दफ्तरांतून निघेल. अक्षररचनेची आवड असलेल्या आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने हे काम मनावर घ्यावे, इतके ते मोकळे आणि मोठे आहे.

आणि ज्यांना अक्षररचनेत रस नाही, त्यांच्यासाठीही एक काम आहे. पुढच्या सुटीत घरी गेल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडावी. रुमालात बांधलेले कागद असतील तर ते उन्हात न ठेवता, दोरा न ताणता सोडवावेत आणि आहेत त्या क्रमाने त्यांची छायाचित्रे घ्यावीत. मोडीची मुळाक्षरे शिकायला थोडे आठवडे पुरतात; हात व डोळा बसायला काही महिने लागतात. वसतिगृहात राहून ज्यांनी पहाटेच्या दिव्याखाली परकी भाषा आत्मसात केली, त्यांना पणजोबांची भाषा एका निराळ्या वळणात वाचणे अशक्य नाही. त्या धावत्या ओळींत कोठेतरी आपल्या पूर्वजाचे नाव असेल. इतकी वर्षे ते दुसऱ्यांनी वाचले. आता ते आपण वाचावे.